दहाव्या पाकिटाचा कोपरा

माझ्या तिकिटांच्या वहीत पाच रकाने आहेत: क्रमांक, वर्णन, स्थिती, कुठून आलं आणि शेरा. ही वही मी नववीत असताना आखली, पट्टी धरून लाल शाईनं. तेव्हापासून वह्या सात झाल्या, रकाने तेच राहिले. पुढे तिरोड्याला वीजकेंद्राच्या भांडारात मी वर्षानुवर्षं नटबोल्टपासून केबलच्या रिळांपर्यंत सगळ्याच्या नोंदी ठेवल्या, त्या सवयीचं मूळ या वहीतच आहे. घरातली कुठली वस्तू कुठल्या डब्यात आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते. माझी मुलगी म्हणते, "आई, तू तुझ्या मरणाचीपण यादी करून ठेवशील." ती केलेली आहे, कपाटाच्या वरच्या खणात आहे. माझ्या नोंदी सहसा चुकत नाहीत हे कळावं म्हणून एवढं सांगितलं. एक चुकली. ती पहिल्याच वहीतल्या पहिल्याच ओळीतली होती, आणि ती चूक आहे हे मला गेल्या हिवाळ्यात समजलं.

आमचं घर सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या अलीकडे, रेल्वेलाइनीपासून दोन धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या दोन बांधांवर होतं. आम्ही पोवार. घरात पोवारी, अंगणाबाहेर झाडीबोली आणि सालेकशाच्या बाजारात हिंदी, अशा तीन भाषा आम्ही तीन चपलांसारख्या वापरायचो. धान निघाल्यावर घरभर नव्या तांदळाचा ओलसर वास असायचा. माय चुलीवर लाखोरीची डाळ चढवायची, ती शिजताना झाकण थडथडायचं, आणि त्याच्या मागे सतत, जागेपणी आणि झोपेत, मालगाड्यांचा आवाज. दरेकशाच्या पुढे डोंगरातून बोगदा जातो. गाडी बोगद्यात शिरली की आवाज अचानक तुटायचा, जणू कुणी तोंडावर हात ठेवला. मग काही वेळ काहीच नाही. तेवढा वेळ माय हातातली पळी थांबवायची. गाडी पलीकडे निघाल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नसे, म्हणून लहानपणी मला वाटायचं, आत गेलेल्या गाड्या आतच राहतात.

गावात बायकांपैकी फारशा कुणाला वाचता येत नव्हतं. पोस्टमन कार्ड देऊन जायचा आणि बाया ते घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. "कुंदे, वाच वो." मी वाचायची. सातवीपासून हे काम माझ्याकडे होतं, आणि त्याचे नियम मला पाठ होते. कार्ड आधी मनात वाचायचं, मग मोठ्यानं. सासूसमोर सुनेच्या माहेरचं दुखणं वाचायचं नाही. आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला असेल तर ते हातात घेऊन घरात पाऊल टाकायचं नाही. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. लिहिणाराच कोपरा फाडून पाठवतो, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही हातात पडताक्षणी कळावं. असं कार्ड अंगणात उभ्यानं वाचायचं, लगेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. ते घरात ठेवत नाहीत. हा नियम मला माझ्या नावासारखा माहीत होता. म्हणूनच पुढचं जे मी केलं त्याला सबब नाही.

तिकिटांचा नाद लावला तो शाळेतल्या पटले गुरुजींनी. ते इंग्रजी शिकवायचे, त्यांचे वडील रेल्वेत होते, आणि त्यांच्याकडे एक फुगलेला जुना अल्बम होता. सहामाहीत वर्गात पहिली आले तेव्हा त्यांनी मला त्यातलं एक तिकीट दिलं. गडद वांगी रंगाचं, पाकिटाच्या फाटक्या तुकड्यावर चिकटलेलं, वर काळ्या शिक्क्याचा अर्धा गोल. चित्र कसलं ते आधी कळलंच नाही. गुडघे पोटाशी घेऊन, पाठ करून कुणी माणूस बसलाय असं वाटलं.

"हा आयर्लंडचा नकाशा," गुरुजी म्हणाले. "इंग्रजांच्या हातून सुटले तेव्हाचं तिकीट आहे. त्याआधी काही महिने त्यांच्याकडे स्वतःचं तिकीटच नव्हतं. मग काय केलं माहीत आहे? इंग्लंडच्या राजाच्या तिकिटावरच, त्याच्या तोंडावर, आपल्या राज्याचं नाव काळ्या अक्षरात छापलं."

"राजाच्या तोंडावर?"

"थेट नाकावर."

हे मला फार आवडलं. गुरुजींनी तिकिटाच्या कागदात लपलेली खूणही दाखवली. अल्बमातलं एखादं सुटं तिकीट पालथं पाटीवर ठेवायचं आणि वर पेट्रोलचे दोन थेंब सोडायचे. कागद काळा पडत जातो आणि त्यातून दोन अक्षरं वर येतात, पाण्याखालून कुणी बघावं तशी. पेट्रोल उडालं की अक्षरं जातात. मी ते पुन्हा पुन्हा बघायची. कुठे जातात हा प्रश्न मला तेव्हा पडायचा, आता पडत नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

गुरुजींनी एक ताकीद दिली. पाकिटावरचं तिकीट कधी सोलायचं नाही, फाटतं. कात्रीनं कोपरा कापायचा, शिक्का येईल इतकी जागा ठेवून. मी घरी आले आणि बक्षिसाच्या तुकड्याच्या फाटक्या कडा मला बघवेनात म्हणून चारही बाजूंनी सरळ कापून चौकोन केला. मग वही आखली. क्रमांक एक. आयर्लंड, नकाशा, वांगी. कुठून आलं: गुरुजींकडून, बक्षीस.

एकाच्या पुढे दोन लागतात. तालुक्याच्या शाळांचं प्रदर्शन पौषात होतं, तिथला पहिला नंबर नागपूरला जायचा, आणि मी गोंदियापलीकडे काही पाहिलं नव्हतं. पण दरेकशाच्या जंगलात आयर्लंडची तिकिटं मिळायची कुठे? मी हे मायला म्हणाले तेव्हा ती धान पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "साहेबीन बुढीकडे पाह्य ना. तिचा साहेब तिकडचाच होता म्हनत."

साहेबीन बुढी बोगद्याच्या तोंडापाशी राहायची. रेल्वेचं जुनं, टाकून दिलेलं एका खोलीचं क्वार्टर, वर अर्धी कौलं, अर्धा पळसाचा पाला. नाव फुलवंता, पण ते म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती सोळा-सतरा वर्षांची असताना एका गोऱ्या गार्डानं तिला घरात ठेवून घेतलं होतं. तिच्या म्हणण्यानं, देवापुढे हार घालून. पुढे तो मायदेशी गेला, येतो म्हणून. काही वर्षं पत्रं आली, मग थांबली. त्याला साठ वर्षं होत आली होती. बुढीच्या कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू आणि मनगटात हिरवा चुडा तसाच. गावात यावर बोलून झालं होतं. कुणी नव्यानं टोकलं तर ती एकच म्हणायची, "खबर आली का? नाई आली. मंग हाये तो."

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा दुपार होती आणि माझ्या ओच्यात सिंगाडे होते. ती दाराशी, लाइनीकडे तोंड करून बसली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. बोगद्यातून गाडीच्या आधी हवा येते. थंड, कोळशाच्या आणि वटवाघळांच्या वासाची हवा. पलीकडची गवतं आधी वाकतात, मग खडी थरथरते, मग गाडी. लांब मालगाडी होती. बुढीनं इंजिनाकडे बघितलंही नाही. एकेक डबा जाऊ दिला आणि शेवटच्या, गार्डाच्या डब्यावर नजर ठेवून मान त्याबरोबर वळवत नेली. डबा वळणावर दिसेनासा झाला.

"या गाडीनं नाई आला," ती म्हणाली, जसं आपण म्हणतो आज दूध नासलं. मग माझ्याकडे बघून, "काय आनलं वो?"

मला इंग्रजी वाचता येतं म्हटल्यावर तिनं सिंगाडे बाजूला ठेवले. आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घड्यांखालून तिनं पाकिटांचा गठ्ठा काढला, सुतळी सोडली, खालचं काहीतरी पेटीतच परत ठेवलं आणि उरलेला माझ्या मांडीवर दिला. नऊ पाकिटं. पहिल्या चारांवर राजाचं डोकं आणि त्याच्या तोंडावर काळी अक्षरं. पुढच्या पाचांवर पाठ करून बसलेला तो माणूस. तिनं विचारलं, "काय म्हनते साहेब?" आणि मी पत्राआधी शिक्के वाचत होते.

ती पत्रं आधी स्टेशनातला मालबाबू तिला वाचून दाखवायचा. तो बदलून गेला, त्यानंतर ती कुणी वाचलीच नव्हती. मला नीटशी जमेनात. अक्षर तिरपं, शाई पुसट. पाऊस आहे, गाई आहेत, आई आजारी आहे, येत्या हिवाळ्यात येतो. प्रत्येक पत्रात येत्या हिवाळ्यात. खाली सही म्हणून एकच अक्षर, टी. "घरी नेऊन डिक्शनरी घेऊन वाचते आजी, मंग पूर्न सांगते," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. सगळं खरंही नव्हतं. ती जरा वेळ गठ्ठ्यावर हात ठेवून बसली. "ओलं नको करू," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात मी नऊही पत्रं शब्दकोश घेऊन वाचली आणि वहीत त्यांचा मराठी अर्थ लिहिला; वचनातलं तेवढं पाळलं. मग मायच्या शिवणाच्या कात्रीनं नऊ कोपरे कापले, शिक्क्यासकट, गुरुजींनी सांगितलं तसे. प्रत्येकामागे शिसपेन्सिलीनं बारीक आकडा घातला, तोच आकडा पाकिटाच्या आत घातला, वहीत नोंद केली. माझ्या डोक्यात एकच होतं: पाकीट तिचं, पत्र तिचं, ते तर परत जाणारच आहे, कोपऱ्याचं तिला काय काम? गठ्ठा होता तशा सुतळीत बांधून मी परत दिला. ती घरात नव्हती, सरपणाला गेली होती. दाराच्या आत पेटीवर ठेवला आणि पळाले, कारण प्रदर्शनाला चार दिवस होते आणि काळा कागद अजून मिळाला नव्हता.

काळा कागद शेवटी फोटो स्टुडिओवाल्याकडून आणला आणि पुठ्ठ्यावर डकवला. त्यावर दहा तुकडे दोन ओळींत, खाली माझ्या चांगल्या अक्षरात मजकूर. गुरुजींनी वाकून दोन्ही ओळी बघितल्या. "कुठून मिळवलंस हे सगळं?" "एक आजी आहे," मी म्हणाले. प्रदर्शनात लोक थांबून बघायचे. काळ्यावर ते राजे आणि वांगी नकाशे दुरून दिसायचेच नाहीत, फक्त कागदाचे फिके चौकोन दिसायचे, भिंतीत खिडक्या असाव्यात तसे. आणि जवळ गेलं की प्रत्येक खिडकीत कुणीतरी असायचं. पहिला नंबर आला. नागपूर ठरलं.

प्रमाणपत्र घेऊन घरी आले तर माय अंगणातच उभी होती. "पाय धू आधी. अन साहेबीन बुढीकडे जाऊ नको काही दिस. सुतक हाये तिले."

"कायचं सुतक?"

"साहेब गेला म्हनते. टोलीतल्या बायांनी नाल्यावर नेऊन आंघोळ घातली. चुडा फोडला."

"खबर कोनं आनली? पोस्टमन त आला नाई."

माय माझ्याकडे जरा विचित्र बघत म्हणाली, "तेच त. कोनी नाई आनली. बुढी सांगते, पेटीतल्या चिठ्ठ्याइचे कोपरे आपल्या आपन फाटले. एक नाई, समदे."

हातातलं प्रमाणपत्र मी कुठे ठेवलं ते आजही आठवत नाही. माझ्या आयुष्यातली ती एकमेव वस्तू असेल जिची जागा मला माहीत नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. दिवस मोजत राहिले. तेरवीला टोलीतले, म्हणजे तिच्या जवळच्या वस्तीतले लोक जेवणार होते, आणि तेरवी झाली की झालं, मग ते कुणालाच मागे घेता येत नाही. रोज ठरवायची आणि रोज जेवणाचं ताट पुढे आलं की उद्यावर टाकायची. लाखोरीची डाळ मला त्या दिवसांपासून गोड लागत नाही. गाडी बोगद्यात शिरली, आवाज तुटला की मी श्वास धरायची. आणि पुठ्ठ्यावरचे ते दहा चौकोन मी भिंतीकडे तोंड करून ठेवले होते, तरी त्यांची पाठ माझ्याकडेच आहे असं वाटायचं.

तेरवीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी पुठ्ठा कापडात गुंडाळला, वाटीत भाताची घट्ट खळ घेतली आणि गेले. शेतातलं धुकं नुकतंच उठलं होतं. बुढी दाराशीच होती, पण लाइनीकडे पाठ करून. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. कपाळ रिकामं; इतकी वर्षं कुंकू होतं तिथे गोल फिकट डाग. मी बोलायच्या आधीच बोगद्यातून हवा आली. गवत वाकलं. गाडी गेली, शेवटचा डबा गेला, आणि तिनं मान वळवली नाही. मीच बघितलं त्या डब्याकडे. कुणीतरी बघायला हवं असं वाटलं.

"आजी, कोपरे मी कापले."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"आपल्या आपन नाई फाटले. तिकिटासाठी मी कात्रीनं कापले. खबर नाई आली. हे पाहा." मी कापड सोडलं.

तिनं पुठ्ठा मांडीवर ओढला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "लाव."

"आं?"

"जसे होते तसे लाव. उभी काऊन राहिली?"

नागपूर माझ्या डोळ्यासमोरून गेलं, हे लपवून काय उपयोग. गेलं, मी ते जाताना बघितलं, आणि तिच्यामागे आत जाऊन बसले. आकडे घातलेले होते म्हणून काम सोपं होतं. पाकिटाच्या आतला आकडा, कोपऱ्यामागचा आकडा, दोन्ही जुळवायचे, आतून कागदाची पट्टी लावायची, खळीचं बोट फिरवायचं आणि शिक्क्याचा गोल जुळेपर्यंत सरकवायचं. अर्धा गोल कोपऱ्यावर, अर्धा पाकिटावर. जुळला की कळतं. ती प्रत्येक पाकीट घेऊन उन्हाच्या कवडशात ठेवत होती. नऊ झाली. मी हात पुसले. ती उठली, पेटीशी गेली आणि पेटीच्या तळातून आणखी एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

त्याचा कोपरा नव्हता.

मी वही उघडली. नऊच नोंदी. पाकीट उचलून बघितलं. कड कात्रीची नव्हती, हातानं फाडलेली, आणि फाटलेल्या जागी कागद जुना, मऊ, पिवळा झालेला. ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी फाटलं होतं.

"हे मी नाई केलं, आजी."

"मले माहीत हाये."

"मंग कोनं?"

"मालबाबूनं. लास्टची चिठ्ठी हे. वाचली त्यानं मनातल्या मनात. मंग कोपरा फाडला अन खिशात टाकला. मले म्हने, साहेब येतो म्हनते." ती बाहेर बघत होती. "हातानं एक सांगतलं, तोंडानं एक. मी तोंडाचं ऐकलं. आठ दिवसांत बदली करून गेला तो. मी हे तळाला ठेवलं. फेकाची हिंमत नाई झाली, पाहाची बी नाई. अन त्या दिवशी गठ्ठा सोडला त समदेच तसे. मले वाटलं, आता समद्या चिठ्ठ्या मिळून सांगून राहिल्या."

मी पाकिटातून कागद काढला. अक्षर दुसरं होतं, सरळ, बाईचं. फार मोठं पत्र नव्हतं, आणि मला शब्दकोशाची गरज पडली नाही. My brother एवढे दोन शब्द वाचले आणि पुढचे आपोआप वाचले गेले. मी कागदाची होती तशी घडी केली.

"काय म्हनते?" बुढीनं विचारलं. ती आता माझ्याकडे बघत होती. त्या रिकाम्या कपाळाकडे मला बघवेना.

मी गावाची वाचणारी होते. नियम मला माहीत होता. असं पत्र अंगणात उभ्यानं वाचायचं आणि फाडून टाकायचं. मी बसलेली होते, घरात होते.

"येतो म्हनते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मला कळलं आणि तिला कळलं, आणि त्यापुढे आमच्यात या विषयावर शब्द झाला नाही. मग तिनं त्या फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं बी लाव."

"काय लावू? याचा कोपरा त नाई."

ती पुठ्ठ्याकडे बघत होती. काळ्या कागदावर एक चौकोन उरला होता. गुरुजींनी दिलेला.

"आजी, ते तुमचं नाई. ते माहं हाये. बक्षीस भेटलं मले."

"तुहं कायचं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, वहीत चुकीचं लिहिणाऱ्या पोरीला समजवावं तसा होता. "तुह्याकडे ठेवाले देल्लं होतं."

मी वाद घातला नाही. उजेड उतरला होता, बोटं खळीनं चिकट झाली होती, डोळे भरलेले होते. आतून पट्टी लावली आणि तो चौकोन बसवला. मी कडा कापून टाकल्या होत्या, त्यामुळे सगळीकडून बारीक फट राहिली. शिक्का जुळतो का ते मी बघितलंच नाही. जुळायचा प्रश्नच नव्हता.

तिनं पाकीट कवडशात ठेवलं, वर अंगठा दाबून धरला. मग कोनाड्यातली डबी काढली आणि आरशाशिवाय, एका फेऱ्यात, त्या फिकट डागावर नेमकं कुंकू लावलं. पुढची गाडी आली तेव्हा तिचं तोंड लाइनीकडे होतं.

तेरवी झाली नाही. टोलीतल्या बायांनी पुष्कळ बोलून घेतलं. "पुसलेलं कुंकू परत लावते का कोनी? पगलावली बुढी." तर बुढी दारातून ओरडली, "कपाळ माहं, नवरा माहा, तुमचं काय जाऊन राहिलं?" आणि विषय संपला. नागपूरला दुसऱ्या नंबरचा मुलगा गेला, त्याच्याकडे फुलपाखरं होती. गुरुजींना मी रिकामा काळा पुठ्ठा दाखवला आणि खरं सांगितलं. शेवटच्या पत्राचं सोडून, कारण ते माझं नव्हतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरं केलंस." माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेचे जत्थे लाइनीच्या कडेनं गेले, आणि माणसं बुढीला पाणी मागायला थांबली तेव्हा तिनं त्यांना विचारलं, येताना रस्त्यात कोनी गोरा भेटला का.

ती त्यानंतर सहा वर्षांनी गेली. मी तेव्हा गोंदियाला कॉलेजात होते. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट भरून नेलं, मायनं सांगितलं. पेटी टोलीतल्या एका बाईनं आमच्या घरी आणून दिली. "बुढीनं कुंदाच्या नावानं ठेवली." आत दहा पाकिटं, सुतळीसकट.

नोकरी लागल्यावर मी आयर्लंडची बाकीची जुनी तिकिटं जमवत गेले, अदलाबदल करून, पत्रं लिहून. तलवार, क्रूस, राजाच्या तोंडावरची अक्षरं. त्यांच्या चौकटी, पारदर्शक खिसे, सगळं पद्धतशीर. पण प्रदर्शनात मधल्या चौकटीत ही दहा पाकिटं असतात, आणि मी लपवाछपवी करत नाही. पहिल्या नऊ पाकिटांखाली लिहिते: कोपरे कापून पुन्हा जोडले. दहाव्याखाली लिहिते: हे तिकीट या पाकिटाचे नाही, मागाहून लावले आहे. परीक्षक त्याबद्दल गुण कापतात. कापू द्यावेत, नोंद खरी असावी.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला एक म्हातारे परीक्षक होते. भिंग डोळ्याला लावून ते दहाव्या पाकिटावर इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये.

"मॅडम, ही खालची चिठ्ठी तुम्ही लिहिली?"

"हो."

"कायले लिहिली?" ते मूळचे आमच्याच बाजूचे असावेत. "चूक आहे ही. तिकीट याच पाकिटाचं आहे. कडेचा जेमतेम रेघभर कागद कोणीतरी कापला, तेवढी वर्तुळात फट आहे, बस. गोल बघा. गावाच्या नावातलं हे एक अक्षर अर्धं तिकिटावर आहे, अर्धं पाकिटावर. असं दुसऱ्याचं लावून जुळत नाही."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि पुढच्या चौकटीकडे गेले.

मी बघितलं. मग घरी आणून खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, पट्टी लावून बघितलं. जुळतं. अक्षराचा एक पाय तुकड्यावर, एक पाकिटावर. पटले गुरुजींचे वडील रेल्वेत होते एवढं मला माहीत आहे. दरेकशाला होते का, मालबाबू होते का, आणि कुठल्या कोटाच्या खिशातून तो तुकडा गुरुजींच्या अल्बमात आला, हे विचारायला आता त्या घरात कुणी नाही. अशी जोडणी शक्य आहे. मी भांडारात काम केलेली बाई आहे, शक्य काय आणि अशक्य काय ते मला कळतं. पण तो तुकडा वर्गातल्या चाळीस पोरांत माझ्याच हातात आला, त्याच्यामुळेच मी दुसरा शोधायला निघाले, आणि माझ्याच पायांनी, माझ्याच खळीनं तो आपल्या जागी जाऊन बसला. याला माझ्याकडे रकाना नाही.

दुपारी पहिली वही काढली. कागद तपकिरी झालाय, लाल रेघ टिकून आहे. क्रमांक एक. कुठून आलं: गुरुजींकडून, बक्षीस. ते मी पट्टी धरून एका रेघेनं खोडलं, वाचता येईल असं, नोंद दुरुस्त करतात तसं. आणि वर लिहिलं: ठेवायला दिलं होतं. परत केलं.